अभिषेकीबुवांचा स्मृती-कार्यक्रम आणि मंडळाचा जुना ऑर्गन : कामाच्या नोंदी

६ ऑगस्ट २०२३, रविवार

येत्या ७ नोव्हेंबरला गायक आणि नाट्यसंगीतकार पंडित जितेंद्र अभिषेकींना जाऊन २५ वर्षे होतील. फोंडा तालुक्यातले आमचे मंडळ जत्रेला नाटक करते, त्यामुळे बुवांच्या नावाने काहीतरी व्हायला हवे यावर दुमत नव्हते. बुवांचे गाव मंगेशी इथून हाकेच्या अंतरावर. काय करायचे, यावर मात्र बैठक दोन तास चालली.

नेहमीचा साचा असा: फोटोला हार, समई, तीन वक्ते, मग कुणीतरी चांगला गाणारा बोलावून बारा पदे. अशा कार्यक्रमातून लोक घरी जातात तेव्हा गायक लक्षात राहतो. ‘घेई छंद’ वसंतराव देशपांडेंचे आणि ‘साद देती हिमशिखरे’ रामदास कामतांचे, हे शेंबडे पोरही सांगेल. चाल कुणाची म्हटले की दहातले दोघे बोलतात. म्हणून ठरवले: फक्त नाट्यपदे, फक्त बुवांच्या चाली, प्रत्येक पद नाटकात ज्या प्रसंगी येते तो प्रसंग सांगून आणि साथीला ऑर्गन, म्हणजे पायट्यांवर चालणारी मोठी पेटी.

७ तारीख मंगळवारी येते आणि पाठोपाठ दिवाळी. कार्यक्रम रविवारी, ५ नोव्हेंबरला. जागा देवळाचा सभामंडप, भाडे नाही.

ऑर्गन मंडळाचा स्वतःचा आहे. शेवटचा कधी वाजला ते कुणाला आठवत नाही.

१३ ऑगस्ट

यादी करायला बसलो. प्रत्येकाने आपापली पदे लिहून आणायची होती. एकत्र केल्यावर पहिले काम गाळण्याचे निघाले.

‘सूर निरागस हो’ तिघांनी लिहिले होते. ते २०१५च्या ‘कट्यार काळजात घुसली’ चित्रपटातले, चाल शंकर-एहसान-लॉय यांची. मूळ नाटकात ते नाहीच. चित्रपटात जुनी आणि नवी पदे शेजारी शेजारी आहेत, त्यामुळे पंचविशीच्या आतल्या मुलांना सगळेच ‘कट्यार’चे वाटते. ‘ऋणानुबंधाच्या’ही कुणीतरी आणले होते. ते ‘देव दीनाघरी धावला’मधले, चाल वसंत देसाईंची. ‘अबीर गुलाल’ अभंग म्हणून बाहेर. यावर वाद झाला, कारण लोक तेच मागणार. तरीही बाहेर.

उरलेल्या प्रत्येक पदासाठी एकेक कागद केला: नाटक, नाटककार, गीतकार, साल, कोणत्या पात्राच्या तोंडी. ज्या पदाचा कागद पूर्ण भरत नाही ते यादीत नाही. हे कंटाळवाणे काम आधी करा. पुढे निवेदन लिहिताना निम्मे भांडण वाचते.

आजची यादी: ‘मत्स्यगंधा’ (१९६४, वसंत कानेटकर) मधून ‘गर्द सभोती’, ‘अर्थशून्य भासे मज हा’, ‘देवाघरचे ज्ञात कुणाला’. ‘ययाति आणि देवयानी’ (१९६६, वि. वा. शिरवाडकर) मधून ‘सर्वात्मका सर्वेश्वरा’, ‘हे सुरांनो, चंद्र व्हा’, ‘तम निशेचा सरला’. ‘लेकुरे उदंड जाहली’ (१९६६) मधून काहीतरी, ते नंतर. ‘कट्यार काळजात घुसली’ (१९६७, पुरुषोत्तम दारव्हेकर) मधून चार. ‘हे बंध रेशमाचे’ (१९६८, रणजित देसाई, पदे शांता शेळके) मधून ‘काटा रुते कुणाला’ आणि ‘का धरिला परदेश’.

सालांकडे बघा. चार-पाच वर्षांत एवढे सगळे. शिवाय ‘कट्यार’ आणि विनोदी ‘लेकुरे’, दोन्हींच्या चाली एकाच माणसाने केल्या आहेत, हे कागद शेजारी ठेवल्याशिवाय डोक्यात शिरत नाही.

२० ऑगस्ट

ऑर्गन उघडला. अडगळीत जुन्या झालरींखाली होता. मागची फळी काढली तर भात्यात उंदराचे घर, आत चिंध्या आणि कुठल्यातरी नाटकाच्या तिकिटांचे तुकडे. पायट्या दाबल्या की नुसता धप-धप आवाज, सूर एकही नाही.

ज्यांनी फक्त हातपेटी उघडली आहे त्यांच्यासाठी: पेटीचा भाता हवा आत ढकलतो, या ऑर्गनचा भाता हवा ओढून घेतो. पायट्यांनी दोन लहान भाते चालतात, ते मोठ्या भात्यातली हवा उपसतात आणि रीडवरून, म्हणजे सूर देणाऱ्या पितळी जिभांवरून, हवा आत खेचली जाते. त्यामुळे फट कुठे आहे हे फुंकर बाहेर येते का बघून कळत नाही. उदबत्ती घेऊन कडेकडेने फिरवा, धूर जिथे आत ओढला जातो तिथे गळती. आमच्याकडे धूर सगळीकडूनच आत जात होता.

भात्याचे कापड घड्यांवर पूर्ण कुजलेले. खिळे गंजलेले. रीड मात्र पितळी आणि वरवर पाहता शाबूत.

मोठ्या भात्याच्या आत जबरदस्त स्प्रिंगा असतात. कापड कापण्याआधी भाता दाबून सुतळीने करकचून बांधून घ्या. सुताराने आधी कापले, स्प्रिंग उसळली आणि त्याच्या अंगठ्याचे साल गेले.

२७ ऑगस्ट

कापड. गाड्यांच्या सीटचे रेक्झिन आणले, ९०० रुपये. जाड निघाले. लावल्यावर भाता घडीच घेईना, पायटी दाबायला दोन माणसांचा जोर लागायचा. काढून टाकले. ते पैसे गेले आणि सुट्टीचा दिवसही.

हवे ते कापड म्हणजे एका बाजूला रबराचा पातळ थर असलेले सुती कापड. इथे मिळाले नाही, मिरजेहून कुरियरने मागवले. २२०० रुपये आणि आठवडाभराची वाट.

चिकटवायला सरस. डब्यात पाणी, पाण्यात वाटी, वाटीत सरस, खाली मंद आच. घरात वास सहन होत नाही, अंगणात करा. पांढऱ्या गोंदाने काम सोपे होते हे खरे, पण पुढच्या माणसाला ते कापड काढताना लाकूड सोलून काढावे लागते. सरस ओल्या गरम फडक्याने सुटतो. आमच्या आधी कुणीतरी एक बाजू पांढऱ्या गोंदाने चिकटवली होती, तेवढ्या बाजूला इतर तिन्ही बाजूंइतका वेळ लागला.

३ सप्टेंबर

भाता बसला, हवा धरतो आहे. पायट्यांचे पट्टे तुटले होते, ते बॅगा शिवणाऱ्याकडून नायलॉनचे करून घेतले, १५० रुपयांत दोन्ही.

आता रीड. या ऑर्गनमध्ये रीड खाचांत सरकवून बसवलेले असतात आणि ओढून काढायला आकडा लागतो. सायकलच्या ताराचे टोक ठोकून चपटे केले, कानशीने खाच पाडली, काम झाले. काढलेला प्रत्येक रीड त्याच क्रमाने फळीवर मांडा आणि पेन्सिलीने आकडा टाका. ‘लक्षात राहील’ म्हणणाऱ्याला त्या खोलीत येऊ देऊ नका.

न वाजणाऱ्या बहुतेक रीडांना दुखणे असे नव्हतेच. जिभेखाली धुळीचा कण किंवा कापडाचा केस अडकलेला. मऊ ब्रश, नाहीतर पातळ कागदाची पट्टी जिभेखालून हलकेच ओढायची. पॉलिश पेपर चुकूनही नाही, पितळ घासले की सूर हलतो. मध्य सप्तकातला एक रीड मुळाशी चिरला होता. या ऑर्गनला रीडांच्या दोन रांगा आहेत, मागच्या रांगेतला तोच सूर काढून पुढे बसवला. मागे एक दात पडलेला आहे, तो तसाच राहणार.

दमटपणामुळे पट्ट्या फुगून एकमेकींत अडकत होत्या. त्यावर इथला जुना इलाज: आत ४० वॉटचा बल्ब, लाकडाला आणि कापडाला न टेकता, मागची फळी थोडी उघडी ठेवून रात्रभर. सकाळी निम्म्या पट्ट्या मोकळ्या, दोन रात्रींत बाकीच्या.

१० सप्टेंबर

सूर. ऑर्गन आजच्या ४४० हर्ट्झच्या पट्टीपेक्षा उतरलेला आहे, पण सगळा एकसारखा उतरलेला. म्हणजे तो बिघडलेला नाही, जुन्या पट्टीचा आहे. पेटीवाले काका म्हणाले, “सगळे रीड चढवून देतो, महिनाभर लागेल.” तत्त्व सोपे आहे: रीड टोकाला खरवडला की सूर चढतो, बुडाशी खरवडला की उतरतो. पण खरवडलेले पितळ परत येत नाही, आणि प्रत्येक रीडला हात लावायचा म्हणजे काही मोडणार हे ठरलेले.

मी नको म्हटले. तबला उतरवता येतो, व्हायोलिन उतरते, इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याला बारीक सूर लावायची कळ असते. उतरत नाही ती एकटी हातपेटी. म्हणून कार्यक्रमातून पेटीच काढली. काका दोन दिवस बोलले नाहीत. मग स्वतःच येऊन ऑर्गनवर बसून बघितले आणि आता तेच वाजवणार आहेत. फक्त जे सात-आठ सूर इतरांपेक्षा वेगळे पडत होते तेवढे त्यांनी जुळवले.

१७ सप्टेंबर

परवा चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी. तालमी आठ-दहा दिवस बंद. त्याआधी एक पूर्ण तालीम घेतली आणि कार्यक्रमाचा खरा घोटाळा तिथे कळला.

आमच्या मुख्य गायकाने ‘देवाघरचे ज्ञात कुणाला’ सतरा मिनिटे गायले. छान गायले. पण त्यात बुवांची चाल किती होती? पहिली दोन आवर्तने. पुढे त्याची स्वतःची मैफल. हे म्हटल्यावर तो चिडला. “नाट्यपद रंगवायचे नाही तर काय, पाठ म्हणून दाखवायचे?”

त्याचा प्रश्न रास्त आहे. बालगंधर्वांच्या काळात वन्समोअर घेत पद अर्धा तास चालायचे आणि तोपर्यंत नाटक थांबून राहायचे. बुवा रंगभूमीवर आले तेव्हा तसे नाटक कुणी बघत नव्हते. त्यांनी पद आटोपशीर केले, कथेच्या वेगात बसवले. मग त्यांच्या स्मरणात तेच पद पुन्हा सतरा मिनिटांचे करणे म्हणजे त्यांनी केलेले काम उसवणे. नियम केला: पद सहा मिनिटांच्या आत. फक्त ‘कट्यार’ला सूट, कारण तिथे पात्रेच गवई आहेत आणि गाण्यातूनच झुंज होते.

गायक नियमाला तयार झाला, मनाने नाही.

१ ऑक्टोबर

आजचा सगळा दिवस ‘घेई छंद मकरंद’वर. आमच्या मते कार्यक्रमाचा कणा हाच.

नाटकात हे पद दोन प्रकारे येते. पंडित भानुशंकरांचे, संथ, आत वळलेले. मूळ प्रयोगात भार्गवराम आचरेकर गायचे. आणि खाँसाहेब आफताब हुसेन यांचे, म्हणजे वसंतराव देशपांडे यांचे. शब्द तेच. पंडितजींची चाल सालगवराळी रागात, खाँसाहेबांची धानी रागात. दोन घराण्यांतला फरक नाटककाराने संवादात सांगितला असता तर प्रेक्षक जांभया देत बसले असते. बुवांनी तो दोन चालींत ठेवला. ही गोष्ट आम्हाला भाषण न करता दाखवायची होती.

अडचण सुरांची. धानीत रिषभ आणि धैवत नाहीत. सालगवराळीत मध्यम नाही, रिषभ कोमल, धैवत शुद्ध. एकामागून एक गायचे तर गळ्यातला धानीचा मध्यम दुसऱ्या चालीत घुसतो. पहिल्यांदा धानी आधी घेतली, कारण ती लोकांना माहीत आहे. संथ चाल पार फिकी पडली, वर मध्यम सारखा डोकावत राहिला. उलट क्रम केला: आधी पंडितजी, मग खाँसाहेब. लगेच जमले. शिवाय दोन गायक केले, रंगमंचाच्या दोन टोकांना बसवले. संथ चाल तरुण मुलाकडे दिली. त्याच्याकडे तानांची फैर नाही, म्हणून तो चालीत राहतो. मुख्य गायकाकडे धानी दिली आणि त्याला सांगितले, इथे हवे तेवढे गा. तोही खूश.

मधल्या काळात ऑर्गनने फक्त षड्ज-पंचम धरून ठेवायचे. काकांना हे न वाजवणे सर्वांत जड गेले.

८ ऑक्टोबर

‘लेकुरे’. यात नेहमीसारखी पदे नाहीत. बोलता बोलता माणसे गाऊ लागतात आणि गाता गाता बोलतात. मूळ संचात श्रीकांत मोघे, म्हणजे पहिल्यांदा नट. बुवांनी चाली नटाला पेलतील अशा केल्या: शब्द स्वच्छ, ठेका बोलण्याचा.

आमच्या गायिकेने घेतले आणि दर ओळीला हरकत टाकली. ओळीतला विनोद हरकतीखाली चिरडून गेला. तिला थांब म्हणावे तर तिचा गळा थांबत नाही, तयारीच तशी आहे. शेवटी मंडळात विनोदी भूमिका करणाऱ्या दोघांना दिले. एकाचा सूर साधारण आहे, पण त्याला वाक्य कुठे टाकायचे ते कळते. पहिल्या वाचनालाच तालमीतले लोक हसले.

परवानगीबद्दल: पदांच्या जाहीर गायनासाठी परवान्याची फी भरली, ती खर्चात आहे. संवाद म्हणायचे तर नाटकाच्या हक्कधारकांची वेगळी परवानगी लागते. पत्र पाठवले, वेळेत उत्तर आले नाही. म्हणून एकही संवाद घेतला नाही, प्रसंग निवेदिकेने स्वतःच्या शब्दांत सांगायचा. तुम्ही करणार असाल तर हे पत्र पहिल्या दिवशी टाका.

१५ ऑक्टोबर, घटस्थापना

निवेदन. पहिल्या खर्ड्यात ‘स्वरसूर्य’, ‘गानतपस्वी’, ‘नादब्रह्माचे उपासक’ असे बरेच काही होते. निवेदन करणाऱ्या वहिनींनी स्वतःच सगळे कापले आणि जागा मोकळी झाली तिथे माहिती भरली: घराण्याकडे मंगेशीच्या देवाच्या अभिषेकाचा मान म्हणून अभिषेकी, मूळ आडनाव नवाथे, अझमत हुसेन खाँ आणि जगन्नाथबुवा पुरोहित यांच्याकडे तालीम, मुंबई आकाशवाणीच्या कोंकणी विभागात नोकरी, ‘मत्स्यगंधा’ धि गोवा हिंदु असोसिएशनचे, ‘कट्यार’ नाट्यसंपदाचे. पद्मश्री वगैरे एका वाक्यात. एका पदाआधी दीड मिनिट, त्यावर नाही.

२९ ऑक्टोबर

ध्वनीची तालीम. माइकवाल्याने ऑर्गनसमोर माइक ठेवला आणि सभामंडपभर पायट्यांची धप-धप ऐकू येऊ लागली. खाली जाड सतरंजी, माइक मागच्या बाजूने वर, भात्यापासून लांब. बरेच कमी झाले. गेले नाही.

पूर्ण कार्यक्रम अडीच तासांच्या वर गेला. ‘तम निशेचा सरला’ वगळले. गायकाचे आवडते होते.

४ नोव्हेंबर

संध्याकाळी ऑर्गन मंडपात नेला. टेम्पो आणि चार हमाल, १८०० रुपये. उतरवून हवा भरली तर मंद्रातला एक सूर बोट न लावताच वाजतोय, थांबत नाही. प्रवासात पट्टीखालच्या झडपेवरचा फेल्टचा तुकडा, कसरीने आधीच खाल्लेला, निसटून फटीत अडकला होता. चिमट्याने काढला, जागी जुन्या बिलियर्डच्या कापडाचा तुकडा सरसाने लावला. रात्रीचे साडेअकरा वाजले. घरून हत्यारांची पेटी आणायला सुचले होते हे नशीब.

५ नोव्हेंबर

झाले. खुर्च्या भरल्या, मागे लोक उभे.

‘मत्स्यगंधा’ शांतपणे गेले. ‘लेकुरे’ला सुरुवातीला कुणी हसेना, लोक नाट्यसंगीत ऐकायला मांडी ठोकून बसले होते, हसायचे आहे हेच त्यांना कळले नाही. तिसऱ्या-चौथ्या वाक्याला पहिल्या रांगेतल्या एक आजी खुदकन हसल्या, मग मंडप मोकळा झाला. ‘लेकुरे’ पहिले ठेवायला हवे होते.

‘घेई छंद’च्या संथ चालीला मध्येच कुणीतरी मोठ्याने म्हणाले, “चाल चुकली रे!” तरुण मुलगा गडबडला नाही, पूर्ण गायला. मग लगेच धानी सुरू झाली आणि तोच आवाज “अरे हां!” असा आला. वन्समोअर मात्र संथ चालीला पडला. दिला, कारण तेवढा वेळ ‘तम निशेचा’ वगळून मिळाला होता.

मुख्य गायकाने धानीत पंधरा मिनिटे घेतली. ठरले होते दहा. ‘काटा रुते’ घाईत उरकावे लागले, ते तसे गायचे पद नाही.

बाहेर पडताना चार जणांनी विचारले, “अबीर गुलाल का नाही?”

१२ नोव्हेंबर

हिशेब. ऑर्गन (वाया गेलेले रेक्झिन धरून) ६,४०० रुपये. ध्वनी ७,०००. वाहतूक जाऊन-येऊन ३,६००. परवाना, छपाई, चहा-फराळ मिळून ५,८००. एकूण २२,८००. दानपेटीत आणि देणग्यांतून १९,३५० जमले, बाकीचे मंडळाच्या जत्रेच्या फंडातून. मानधन कुणीही घेतले नाही.

ऑर्गन परत अडगळीत न टाकता मंडपाच्या खोलीत ठेवला आहे, वर जाड कापड, आत बल्ब. आठवड्यातून एकदा काका वाजवून जातात. न वाजवलेला भाता घडीवर पुन्हा तडकतो, त्यामुळे हे आवश्यकच आहे. मागच्या रांगेतला गेलेला रीड मिळतो का ते बघायचे आहे. ‘तम निशेचा’ आणि ‘लेकुरे’चे हक्काच्या परवानगीसह दोन प्रवेश, एवढे जत्रेच्या कार्यक्रमात घ्यायचे ठरले. पत्र काल टाकले.